म्यूल डिअर का घटतात, आणि शिकारीचे परवाने कापले की ते वाढतात का?

डोंगरपायथा (धागाकर्ती)

२०२३चा मार्च. कोलोराडोच्या वायव्य कोपऱ्यात क्रेग नावाचं गाव आहे, तिथल्या एका रँचवर गायी विणायला आल्या होत्या म्हणून मला बोलावणं आलं होतं. मी गुरांची डॉक्टर. शिकले नागपूरला, गेली चौदा वर्षं इकडे आहे. त्या वर्षी बर्फ हलायलाच तयार नव्हता. गायींचं काम उरकल्यावर मालक म्हणाला, गंजीकडे चला, तुम्हाला काही दाखवायचं आहे.

वैरणीच्या गंजीच्या कडेला अकरा हरणं मेलेली होती. त्यातली नऊ पाडसं. राज्याच्या वन्यजीव खात्याचा माणूस आधीच आला होता, त्याने माझ्यासमोर एक पाडस उघडलं. पोट रिकामं असणार अशी माझी खात्री होती. ते गच्च भरलेलं निघालं, गंजीतल्या वाळलेल्या गवताने. मग त्याने मांडीचं हाड फोडलं. धडधाकट जनावराच्या हाडातला मगज थिजलेल्या तुपासारखा पांढरा, घट्ट असतो. इथे लाल, लिबलिबीत काहीतरी होतं. अंगावरची सगळी चरबी संपली की शरीर शेवटी हाडातली काढून खातं. ते पाडस भरल्या पोटी उपाशी मेलं होतं.

गुरं पाळणाऱ्या घरातल्या माणसाला हे चटकन कळेल. गाय कडबा खाऊन जगते. शेळी पाला, शेंडे, कोंब निवडून खुडते. म्यूल डिअर या बाबतीत शेळीच्याही पुढचा आहे. त्याच्या पोटाचा पहिला कप्पा लहान, आणि त्यातले जिवाणू हिवाळ्यात सेजब्रश, बिटरब्रश असल्या झुडपांच्या काड्यांना सरावलेले. अचानक कोरडं गवत पडलं तर ते पचवायची ताकद त्यांच्यात नसते. म्हणून बर्फात कुणी दयेपोटी गवत टाकतं तेव्हा बहुतेक वेळा अपाय होतो.

त्या दिवसापासून मी या प्राण्याबद्दल मिळेल ते वाचते आहे आणि जाणत्यांना विचारते आहे. मराठीत यावर काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: म्यूल म्हणजे खेचर. कान खेचरासारखे लांब, म्हणून हे नाव. शेपटीचं टोक काळं. घाबरला की चारी पाय एकदम उचलून चेंडूसारखा उसळत पळतो. शिंगं आपल्या चितळ-सांबरासारखी दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाची आयुष्यभर तीच राहतात, तसं नाही. शिंगाची एक दांडी दुभंगते आणि प्रत्येक फाटा पुन्हा दुभंगतो, यावरून पांढरशेपट्या हरणापासून तो लांबूनही वेगळा ओळखता येतो. वस्ती अमेरिकेच्या पश्चिमेला, कॅनडाच्या पश्चिम भागापासून मेक्सिकोपर्यंत.

आता आकडे. कोलोराडोत २००५-०६च्या सुमारास अंदाजे ६ लाख म्यूल डिअर होते. २०१३पर्यंत ते ३ लाख ९० हजारांवर आले. शेजारच्या वायोमिंगमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून असाच उतार आहे. २०१४ साली कोलोराडोने रॉकी पर्वताच्या पश्चिम उतारावरच्या कळपांसाठी वेगळं धोरण ठरवलं. त्यासाठी गावोगाव बैठका झाल्या, आणि लोक सांगत होते ती कारणं अशी: प्युमा (बिबट्याएवढं इथलं रानमांजर) फार झाले, कोयोटी (कोल्ह्यासारखे प्राणी) फार झाले, शिकारी फार झाले, रस्ते झाले, वायूच्या विहिरी झाल्या, दुष्काळ पडला. प्रत्येकाचं एक आवडतं कारण होतं.

माझ्या ओळखीचे इथले शिकारी सरळ, मेहनती लोक आहेत, आणि हरणं घटल्याचं दुःख त्यांनाच सर्वांत जास्त आहे. तेही म्हणतात, परवाने कापा, हरणं परत येतील. मलाही आधी तसंच वाटायचं. आता वाटत नाही. परवाना हे हातातलं एक छोटं हत्यार आहे. कळप वाढणार की घटणार हे बहुतेक करून नोव्हेंबरमध्ये मादीच्या कमरेवर किती चरबी आहे यावर ठरतं. ती चरबी येते उन्हाळ्यातल्या डोंगरावरच्या चाऱ्यातून आणि खर्च होते हिवाळ्यातल्या जमिनीवर.

चर्चा व्हावी. भारतातल्या मंडळींनीही लिहावं.

---

सह्यभटका

ताई, सुरुवात वाचून गलबलून आलं. पण एक सरळ प्रश्न. हरणं घटत असतील तर शिकार पूर्ण बंद करा ना. एकीकडे पाडसं उपाशी मरतात म्हणून हळहळायचं आणि दुसरीकडे परवाने विकायचे, हे मला पटत नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद केली म्हणून तर आज काही उरलं आहे.

---

डोंगरपायथा

सह्यभटका, तुमची भूमिका मला परकी नाही, मीही त्याच वातावरणात वाढले. तरी इथली पद्धत थोडी उलगडून सांगते, मग ठरवा.

म्यूल डिअरचा एक नर अनेक माद्यांशी जुगतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून माज सुरू होतो आणि जूनमध्ये पाडसं येतात, चांगल्या मादीला बहुधा जुळी. १०० माद्यांमागे २५ नर असले काय आणि ४० असले काय, माद्या गाभण राहायच्या तेवढ्या राहतातच. म्हणजे काही नर काढले तर पुढच्या वर्षीच्या पाडसांच्या संख्येत फारसा फरक पडत नाही. मादी मारली तर पडतो. म्हणून इथले बहुतेक परवाने फक्त शिंगवाल्या नराचे असतात, आणि मादीचे परवाने कळप जमिनीला झेपेनासा होतो किंवा पिकांचं नुकसान होतं तिथेच, मोजून.

१९९९पासून कोलोराडोत हरणाचा एकही परवाना दुकानात जाऊन हवा तेव्हा मिळत नाही. सगळी सोडत. म्हाडाच्या घरांची असते ना, तशीच. राज्याचे विभाग पाडलेले, प्रत्येक विभागाला परवान्यांची संख्या ठरलेली. नंबर लागला नाही तर एक गुण जमा होतो आणि पुढच्या वर्षी संधी वाढते. नावाजलेल्या विभागांसाठी लोक दहा-पंधरा वर्षंही थांबतात.

पूर्ण बंदी घातली तर नर वाढतील, हे खरं. माद्या आणि पाडसं वाढतील याची हमी नाही. उलट मर्यादित हिवाळी चराईवर तेवढी जास्त तोंडं येतात.

---

जुनीवही

इथे कैबाबची गोष्ट सांगायलाच हवी. ॲरिझोनात ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावर कैबाब पठार आहे. १९०६ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी तिथे शिकारबंदीचं अभयारण्य केलं. हरणांची शिकार थांबली आणि त्यांच्या 'भल्यासाठी' सरकारी माणसांनी प्युमा, लांडगे, कोयोटी मारायला घेतले. साधारण ४ हजार हरणं होती असं म्हणतात. १९२४पर्यंत त्यांची संख्या कुणी ३० हजार सांगत होतं, कुणी १ लाख. झाडांना हरणाचं तोंड पोहोचेल तिथपर्यंत पानच उरलं नाही. पुढच्या दोन हिवाळ्यांत हजारोंनी हरणं उपासमारीने मेली.

१९२४च्या डिसेंबरमध्ये तर शंभराहून जास्त माणसं हातात घंटा घेऊन रांग धरून निघाली, हरणांना हाकत दरीपलीकडे न्यायला. बर्फ पडत होता. एकही हरीण पलीकडे गेलं नाही, सगळी माणसांच्या मधून मागे पळाली.

बंदी म्हणजे रक्षण असं मानणाऱ्यांसाठी हा मोठा धडा आहे.

---

डोंगरपायथा

जुनीवही, घंटांचा प्रसंग इथे आणलात हे फार छान केलंत. एक भर घालते. १ लाखाच्या आकड्यावर आणि 'शिकारी प्राणी मारले म्हणूनच हरणं वाढली' या सरळ निष्कर्षावर १९७०मध्ये ग्रॅम कॉघ्ली या शास्त्रज्ञाने कडक आक्षेप घेतले होते. त्याच काळात पठारावरच्या मेंढ्या आणि गुरंही कमी झाली होती, त्यामुळे हरणांना चारा मोकळा झाला असणार. पुढे २००६मध्ये काहींनी तिथल्या ॲस्पेन झाडांची वयं तपासली. त्या काळात उगवलेली ॲस्पेनची झाडं फार थोडी सापडली, म्हणजे रोपं हरणांनी खाऊन संपवली होती. तेव्हा हरणांचा अतिरेक झाला हे खरं. तो नेमका कशाने झाला याचं उत्तर एकेरी नाही.

---

रानमेवा

मी यूटामध्ये असते, सॉल्ट लेकच्या दक्षिणेला. आमच्या वस्तीत म्यूल डिअर दारातले ट्यूलिप खाऊन जातात. शेजारी म्हणतात सगळा दोष प्युमांचा. ते वाढले म्हणून हरणं डोंगर सोडून गावात येतात. यात तथ्य किती?

---

डोंगरपायथा

रानमेवा, हा प्रश्न मी स्वतः खूप दिवस उराशी धरून होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्युमा हरणं मारतो. वर्षभर मारतो, तेच त्याचं मुख्य अन्न. कोयोटी जूनमध्ये नवजात पाडसं उचलतात. याबद्दल वाद नाहीच. प्रश्न पुढचा आहे: प्युमाने मारलेलं ते हरीण एरवी जगलं असतं का?

आयडाहोच्या आग्नेय भागात १९९७ ते २००३ या काळात मोठा प्रयोग झाला. काही विभागांत कोयोटी काढले, काहींत प्युमा, काहींत दोन्ही, काहींत काहीच नाही. कुठे कुठे पाडसं थोडी जास्त जगली, पण कळप वाढण्याच्या वेगावर दीर्घकाळ टिकणारा परिणाम दिसला नाही. हिवाळा कसा गेला, चारा कसा होता, याचाच प्रभाव मोठा निघाला.

दुसरा प्रयोग माझ्या घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या पठारावरचा, अनकंपाग्रे. २०००च्या सुमारास सुरू होऊन काही वर्षं चालला. हिवाळ्यात एका भागातल्या हरणांना खास त्यांच्या पचनाला जुळणाऱ्या पोषक गोळ्या दिल्या (गंजीतलं गवत नव्हे!), दुसऱ्या भागात दिल्या नाहीत, आणि नंतर भाग अदलाबदल केले. प्युमा-कोयोटींना कुणी हात लावला नाही. पोषण मिळालेल्या भागात पाडसं जास्त जगली. आणि ज्या गोष्टीने माझं मत बदललं ती ही: तिथे कोयोटी आणि प्युमांकडून मरणारी हरणंही कमी झाली. शिकारी तेवढेच होते. पोट भरलेलं हरीण त्यांच्या तावडीत कमी सापडलं. म्हणजे एरवी ज्यांची नोंद 'प्युमाने मारलं' अशी होते, त्यातली बरीच आधीच उपासमारीच्या रस्त्याला लागलेली असतात.

मी रोज हेच पाहते. अशक्त कालवडीला न्यूमोनिया होऊन ती दगावते, कागदावर न्यूमोनिया लिहावा लागतो. खरं कारण दोन महिने आधीचं निकृष्ट आंबोण असतं.

छोट्या, एकाकी कळपात प्युमा खरंच अडचण करू शकतो, हे मी नाकारत नाही. सगळ्या पश्चिमेचा उतार त्याच्या माथी मारणं मात्र चुकीचं आहे.

---

वऱ्हाडी_पाऊस

ताई, मी वाशीम जिल्ह्यातला. घरी १२ एकर वावर. तूर, सोयाबीन, हरभरा. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांनी आमचं जगणं हराम केलं आहे. हिवाळ्यात रात्र रात्र जागल करतो, मचाणावर बॅटरी आणि फटाके घेऊन. सह्यभटका म्हणतात शिकार बंद केली म्हणून काही उरलं. आमच्या धुऱ्यावर या, काय उरलं ते बघा. तुमच्याकडे शेतकऱ्याला हरणांचा त्रास होतो तेव्हा सरकार काय करतं?

---

डोंगरपायथा

दादा, माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. आजोबा जागलीला जायचे तेव्हा त्यांच्यासाठी डबा घेऊन मी गेलेली आहे. तुमचं दुःख मला परदेशातून सांगितलेलं वाटत नाही.

इथे वन्यजीव खातं नुकसानीची पाहणी करतं, भरपाई देतं, गंजीभोवती उंच जाळी घालायला सामान देतं, आणि त्या त्या भागात मादीचे परवाने वाढवतं. या सगळ्याला पैसा लागतो, तो मोठ्या प्रमाणात शिकाऱ्यांकडूनच येतो. परवान्याची फी आहेच. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला ती रहिवाशाच्या साधारण दसपट. शिवाय १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो, तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. शंभर वर्षांपूर्वी बाजारात विकण्यासाठी हरणं मारून मारून संपत आली होती. जंगली मांसाचा तो बाजार बंद करून आणि हा पैसा मोजणी-संशोधनात घालून ती परत आणली गेली. आजही शिकाऱ्याला मांस विकता येत नाही, आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे.

आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या कलम ११खाली परवानगी देऊन रोही-डुकरं मारता येतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तो उपद्रव आवरण्याचा उपाय आहे. एखाद्या तालुक्यात रोही किती, दरवर्षी किती वाढतात, किती काढले तर कळपही राहील आणि पीकही राहील, हा हिशेब झाल्याशिवाय त्याला व्यवस्थापन म्हणता येणार नाही. इथली सोडत जशीच्या तशी वऱ्हाडात आणा असं मी म्हणणार नाही. जमीन वेगळी, माणसांची दाटी वेगळी, बंदुकीचा इतिहास वेगळा. मोजणी मात्र आणावी असं मनापासून वाटतं.

---

सह्यभटका

वऱ्हाडी_पाऊस, माझा प्रतिसाद तुमच्यापर्यंत कसा पोहोचला असेल याचा विचार केला नव्हता. माफ करा. मी पुण्यात बसून लिहिलं. तरी ताई, मोजणी म्हणता ती लाखो हरणांची होते कशी?

---

डोंगरपायथा

सगळी हरणं कुणीच मोजत नाही. शिकारीचा हंगाम संपल्यावर, डिसेंबरच्या आसपास, बर्फावर हरणं उठून दिसतात आणि माजामुळे नर-माद्या एकत्र असतात. तेव्हा हेलिकॉप्टरमधून ठरलेल्या भागांवर फिरून नर, मादी, पाडसं असं वर्गीकरण करतात. त्यातून १०० माद्यांमागे किती नर, किती पाडसं हे मिळतं. काही निवडक कळपांतल्या माद्यांना आणि पाडसांना रेडिओचा गळपट्टा बांधलेला असतो, त्यावरून हिवाळ्यात किती जगली ते कळतं. शिकाऱ्यांकडून किती मारली याची माहिती घेतात. हे सगळं एकत्र करून कळपाचा अंदाज काढतात आणि वसंतात पुढच्या हंगामाचे परवाने ठरतात.

मोठ्या माद्या सहसा टिकून असतात, वर्षाकाठी शंभरातल्या ऐंशीच्या वर जगतात. खरा चढउतार पाडसांत. बऱ्या वर्षी बहुतेक जगतात, वाईट वर्षी पाचातलं एक. २०२२-२३चा हिवाळा इतका क्रूर होता की पश्चिम वायोमिंगमधल्या वायोमिंग रेंज कळपात गळपट्टा लावलेली जवळजवळ सगळी पाडसं गेली, आणि मोठ्या माद्यांतल्याही निम्म्याहून जास्त. एक अख्खी पिढीच नाही. मी क्रेगला पाहिलं ती याच हिवाळ्याची कडा होती. त्यानंतर कोलोराडोच्या वायव्य भागात परवाने खूप कापले गेले आणि ते योग्यच होतं. हरणं त्याने वाढणार नव्हती, पण उरलेल्यांवरचा भार तरी कमी झाला.

---

रानमेवा

मग वाढवायला काय करायचं? जमीन म्हणजे नेमकं काय?

---

डोंगरपायथा

जमीन म्हणजे दोन घरं आणि त्यांच्यामधली वाट.

वायोमिंगमध्ये हॉल सॉयर या जीवशास्त्रज्ञाने गळपट्ट्यांवरून शोधून काढलं की काही म्यूल डिअर रेड डेझर्टपासून होबॅकच्या डोंगरांपर्यंत २४० किलोमीटर चालत जातात. तिथेच जन्म काढलेल्या लोकांनाही याचा पत्ता नव्हता. त्याच कळपातली २५५ क्रमांकाची मादी तर पुढे आयडाहोत, सुमारे ३९० किलोमीटरवर पोहोचली. वसंतात कोवळा हिरवा पाला जसजसा डोंगर चढतो तसतशी ही हरणं त्याच्या मागे चढतात, आणि दरवर्षी तीच वाट आठवणीने धरतात. अडवली तर सहजासहजी दुसरी शोधत नाहीत.

त्याच भागात पाइनडेल अँटिक्लाइन हे वायूचं क्षेत्र आहे. तिथे विहिरी आल्यावर पंधरा वर्षांत हरणं सुमारे ३६ टक्के घटली. हरणं विहिरींना सरावली नाहीत, शेवटपर्यंत लांबच राहिली. तेवढी हिवाळी जमीन त्यांच्यासाठी गेली ती गेलीच.

शिवाय चीटग्रास नावाचं बाहेरून आलेलं गवत. लवकर वाळतं, पेटतं, आणि आगीत सेजब्रश जळून जातो. सेजब्रश परत यायला दशकं लागतात, चीटग्रास पुढच्याच वर्षी हजर. आपल्याकडच्या घाणेरीशी किंवा गाजरगवताशी झुंजलेल्या कुणालाही हे समजेल.

करता येण्यासारखंही बरंच आहे. कोलोराडोत क्रेमलिंगच्या दक्षिणेला महामार्ग ९वर २०१६पर्यंत दोन पूल वरून आणि पाच वाटा खालून बांधल्या, कडेने उंच कुंपण घातलं. जनावरांना धडकून होणारे अपघात ९० टक्क्यांनी कमी झाले. आणि अगदी साधी गोष्ट: तारेच्या कुंपणाची सर्वांत खालची तार काटेरी न ठेवता गुळगुळीत लावायची आणि जमिनीपासून १६ इंच वर ठेवायची. पाडसं खालून सरपटत जातात. मी ज्या रँचवर जाते तिथे हे सांगत असते. गेल्या तीन वर्षांत चार जणांनी तार बदलली.

---

जुनीवही

रोगाचा विषय निघाला नाही. ती 'झॉम्बी हरणं' म्हणून बातम्या येतात ते काय?

---

डोंगरपायथा

ते नाव मला अजिबात आवडत नाही. जनावराचे फार हाल होतात त्यात. क्रॉनिक वेस्टिंग डिसीझ, म्हणजे झिजवून मारणारा रोग. जिवाणू नाही, विषाणू नाही. वेडीवाकडी घडी पडलेलं एक प्रथिन, प्रायॉन, मेंदू पोखरतं. १९६७ साली कोलोराडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या बंदिस्त म्यूल डिअरमध्ये तो पहिल्यांदा दिसला. लस नाही, औषध नाही, आणि प्रायॉन मातीत वर्षानुवर्षं टिकतो. वायोमिंगच्या साउथ कन्व्हर्स कळपात तो इतका पसरला की कळप वर्षाला २१ टक्क्यांनी घटत असल्याचं अभ्यासात निघालं.

वयस्क नरांत तो माद्यांपेक्षा जास्त आढळतो. म्हणून रोग जास्त असलेल्या भागात कोलोराडो नरांचे परवाने मुद्दाम वाढवते. इथे शिकाऱ्यांची आणि खात्याची ओढाताण होते, कारण मोठ्या शिंगांचा म्हातारा नर हाच अनेकांना हवा असतो आणि असे परवाने वाढवले की तोच आधी संपतो. मला दोन्ही बाजू कळतात. डॉक्टर म्हणून मी खात्याच्या बाजूने आहे.

माणसाला हा रोग झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. तरी रोगी हरणाचं मांस खाऊ नये असाच सल्ला आहे. माझे शेजारी मला मांस देतात तेव्हा आधी डोक्याची तपासणी करून अहवाल दाखवतात. मी पूर्वी मांसाहार करत नसे. आता हे एकच मांस घरात शिजतं, काळा मसाला घालून.

---

वऱ्हाडी_पाऊस

ताई, धाकटा भाऊ डेन्वरला आहे. मार्चमध्ये आई-बाबांना घेऊन तुमच्याकडच्या डोंगरात फिरायला येणार म्हणतो. बाबांना शिंगं सापडतात असं कळलंय, त्यांना एक घरी आणायचं आहे. हरीण दिसेल का?

---

डोंगरपायथा

हरणं नक्की दिसतील, मार्चमध्ये ती खालीच असतात. पण शिंग उचलू नका म्हणावं. आंतरराज्य महामार्ग २५च्या पश्चिमेला सरकारी जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिल गळलेली शिंगं गोळा करायला बंदी आहे. शिंग शोधत माणूस उताराउतारावर फिरला की हरणं उठून पळतात, आणि मार्चमध्ये त्यांच्या अंगावर पळण्यापुरतीही चरबी शिल्लक नसते. गाडी रस्त्यावरच थांबवा, काच खाली करा, दुर्बीण वापरा. मी माझी देईन.

बाबांना यात्रा थोडी पुढे ढकलता आली तर मेमध्ये या. तेव्हा बर्फाची रेघ वर सरकलेली असते आणि हरणं तिच्या मागोमाग चढत असतात. मी स्वतः तुमच्या बाबांना घेऊन जाईन शिंग शोधायला. येताना त्यांच्या हातून थोडी तूरडाळ पाठवा, यंदाच्या वावरातली.